ओतिलियाची गुआगुआ

ओतिलिया नावेल्किन ही बाई कशी होती ते मला विचारा. एकोणीस वर्षं आम्ही एकाच छपराखाली काम केलंय. ती बाळं सांभाळायची आणि मी त्यांची पेज शिजवायची. "होती" म्हटलं म्हणून दचकू नका, जिवंत आहे, ठणठणीत आहे. फक्त इथे नाही. आणि ती इथे का नाही, हे आमच्या गावात चार जण चार तऱ्हेने सांगतात. कुणी म्हणतं तिला देवाने बोलावलं, कुणी म्हणतं नोकरी गेली आणि तिचं डोकं फिरलं. डोंबल! खरं काय ते मला ठाऊक आहे, कारण त्यात थोडं पाप माझंही आहे.

केम्चीत आमच्याकडे माशांचा कारखाना होता. सामन मासा कापायचा, बर्फात भरायचा आणि परदेशी धाडायचा. कापायला बाया लागत, बायांना पोरं असत, म्हणून कारखान्याच्या मागे पाळणाघर. पहाटे सहाला बाया रबरी बूट फटफटवत यायच्या, पोर ओतीच्या हातात द्यायच्या आणि पळायच्या. आमच्या चिलेत तान्ह्या बाळाला गुआगुआ म्हणतात. मुलगा असो, मुलगी असो, "ती गुआगुआ" म्हणायचं. रडतं ना तसं, म्हणून नाव पडलं असेल. तर अशा बारा-पंधरा गुआगुआ एका वेळी, आणि त्यांच्यामध्ये आमची ओती.

ती मूळची समोरच्या बेटावरची. नऊ भावंडांतली दुसरी, म्हणजे मागच्या सातांची आईच. खरी आई बटाट्याच्या वावरात नाहीतर किनाऱ्यावर शेवाळ गोळा करायला. सातव्या वर्षापासून ओतीच्या कडेवर कुणी नाही असा दिवस गेला नाही. लग्नाचं म्हणाल तर एक पाणबुड्या होता, कालवं काढणारा, उंच, जरा अबोल. तिच्यासाठी दोन वर्षं थांबला. इकडे तिचा धाकटा भाऊ आजारी, बहिणीची बाळंतपणं. शेवटी त्याने दुसरीशी लग्न लावलं. मी एकदा विचारलं होतं, "वाईट वाटलं का गं तेव्हा?" तर थोडा विचार करून म्हणाली, "वेळच नव्हता मला वाईट वाटायला."

पोराला हात लावण्याआधी ती चुलीवर हात शेकून घ्यायची. आमच्याकडे बाराही महिने गारठा, गार हात लागला की पोर दचकतं. बोटात अंगठी नाही, हातात कडं नाही, गळ्यात साखळी नाही. मोठ्या माणसांत बसवलं की हिची दातखिळी बसायची, पण पोरांशी बोलायला लागली की अर्धा तास थांबायची नाही. कोबी महाग झाला इथपासून ते फादरनी काय प्रवचन दिलं इथपर्यंत सगळं त्या तीन महिन्यांच्या जिवांना सांगायची. मी स्वयंपाकघरातून ओरडायची, "अगं, त्यांना दात तरी येऊ देत, मग कोबीचं बघू!" तिकडून हसू यायचं. ते हसू ऐकायला मी मुद्दाम ओरडायची, हे तिला कधी कळलं नाही.

मग एका सोमवारी कारखान्याच्या फाटकावर कागद लागला. कारखाना दक्षिणेला हलवणार, महिनाअखेर काम बंद. बाया गेल्या, पोरं गेली, पाळणे ट्रकमध्ये एकावर एक रचून नेले. मी त्या ट्रकवाल्याला, मालकाला, मालकाच्या आजोबाला, सगळ्यांना शिव्या घातल्या. मला त्याने बरं वाटतं. ओती मात्र दारात उभी राहिली, ट्रक वळणापलीकडे जाईपर्यंत.

त्यानंतरचे पाच महिने मला आठवायला नको वाटतात. ती साडेपाचला उठायची, एप्रन बांधायची, चुलीवर हात शेकायची, आणि मग काय करणार? खुर्चीत बसायची. मी दहाच्या सुमाराला गरम पाव आणि माते, म्हणजे आमचा कडवट पाल्याचा चहा, घेऊन जायची, तर ती पहाटेपासून तशीच बसलेली असायची. पाव मोडायची, खायची नाही. पन्नाशी उलटलेल्या बाईला काम कोण देणार? एकदा दुकानाबाहेर एक नवी बाई गुआगुआ घेऊन उभी होती. ओती थांबली, बोट पुढे केलं, पोराने ते धरलंही. तर त्या बाईने पोर हिसकून आत घेतलं, जणू ही पळवूनच नेणार होती. दुसऱ्या दिवसापासून ओती मागच्या चिखलाच्या वाटेने जायला लागली. मी त्या बाईला गाठून चांगलं सुनावलं, पण त्याचा उपयोग काय?

अशात एका रविवारी फादर एलिसेओंनी चर्चमध्ये एक पत्र वाचून दाखवलं. ओळखीच्या ओळखीतून आलेलं, पार डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या कुठल्याशा डोंगरातल्या नन्सचं. त्यांची लहान मुलांची शाळा होती. एक वर्ष सेवा म्हणून येईल अशी बाई हवी होती. पगार नाही, पण राहायला खोली, जेवण आणि जाण्यायेण्याचं तिकीट त्या देणार. पुढचं पत्र मला पाठ आहे, गावात सगळ्यांनाच पाठ आहे. "आमची सर्वांत मोठी काळजी म्हणजे आमची गुआगुआ. आधीची बाई सोडून गेल्यापासून तिच्याबरोबर कुणी नाही. सकाळ-संध्याकाळ तिच्यासोबत राहील अशी, पोराबाळांची सवय असलेली बाई हवी. बिचारी रात्री उघड्यावरच असते, तिच्यावर छप्पर घालायचं अजून जमलेलं नाही. पिते फार, पण स्वभावाने गरीब आहे."

 मग मागच्या बाकावरून क्लोरिंदा म्हातारी, वय वर्षं ब्याऐंशी, काठी आपटत उठली. "नन्स आहेत का कैदाशिणी? तान्हं पोर रात्री उघड्यावर?"

"गरीब देश आहे," फादर चष्मा पुसत म्हणाले. "आपण लांबून बोलू नये. आणि निदान पितंय तरी चांगलं."

"मी जाते," असा आवाज आला. मी इकडेतिकडे बघितलं, कोण बाई बोलली म्हणून. माझ्या शेजारची जागा रिकामी होती. ओती उभी होती, लालबुंद झालेली, रुमाल मुठीत धरून. जन्मात चर्चमध्ये आमेनपलीकडे काही न बोललेली बाई.

मी तिला वाटेतच धरलं. "डोकं ठिकाणावर आहे का? विमानात बसली आहेस कधी?"

"नावेत बसलेय."

"नाव वरून पडत नाही!"

"बुडते की."

"जगात तेवढी एकच गुआगुआ आहे का? तिथेच जाऊन कडमडायचंय?"

ती थांबली. माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "इथे मला कोण देतंय, नेल्दा?"

 मी घरी येऊन भांडी आपटली.

खरं सांगते, ती जायला नको होती मला. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. दोन्ही मुलगे पोर्तो मोंतला, रविवारी फोन करतात, "आई, बरी आहेस ना?" म्हणतात आणि मी काही सांगायच्या आत "बरं मग" म्हणतात. माझं बोलणं, माझ्या तोंडाचा पट्टा शेवटपर्यंत ऐकून घेणारी ओती एकटी. ती गेल्यावर मी कुणावर ओरडणार होते? चुलीवर? पण मी हेही बघत होते की ती आता खुर्चीत बसत नव्हती. पाव खात होती. पारपत्र काढायला आन्कुदला एकटी जाऊन आली, फोटोत हसू नका म्हटलं तरी हसली, आणि तोच फोटो दुसऱ्यांदा काढावा लागला हे मला हसत हसत सांगत होती.

गावाने तर विणकामाचा धडाकाच लावला. जिच्या घरी चरखा ती लोकर कातायला बसली. टोप्या, मोजे, दुपटी, पोटाला बांधायचे पट्टे. सगळं आमच्या जाड लोकरीचं, हाताला टोचणारं, पण ऊबदार. मीसुद्धा दोन स्वेटर विणले, दात-ओठ खात. म्हटलं, "अगं, तिथे उकाडा असतो म्हणे." तर माझ्याकडे अडाण्याकडे बघावं तसं बघून म्हणाली, "रात्री उघड्यावर असतं ते, नेल्दा. रात्री." क्लोरिंदाबाईंनी तर छपरासाठी म्हणून ताडपत्री आणून दिली.

शुक्रवारपर्यंत फादरना नन्सकडे नाव कळवायचं होतं. त्याच आठवड्यात मंगळवारी मी कास्त्रोला गेले, पांढरी लोकर संपली होती म्हणून. परतीच्या बसच्या रांगेत माझ्यामागे एक बाई उभी राहिली. काळीसावळी, पिवळाधमक कोट, टोपीवर टोपी, आणि थंडीने दात वाजतायत. माझ्या खांद्यावर बोट लावून म्हणाली, "लाडके, ही गुआगुआ आन्कुदला जाते का?"

एक तर मला नवऱ्यानेसुद्धा कधी लाडके म्हटलं नव्हतं. वर गुआगुआ आन्कुदला जाते का! मी तिच्या पायाशी बघितलं, मागे बघितलं. पोर कुठेच नाही. "कुठली गुआगुआ, बाई?"

"ही काय ही!" तिने समोर बोट केलं. "केवढी मळलीये. चालते तरी का?"

"ही बस आहे," मी सावकाश सांगितलं. वेड्या माणसाशी सावकाश बोलावं.

"हो, तेच. गुआगुआ. आमच्याकडे बसला गुआगुआच म्हणतात."

"तुमच्याकडे म्हणजे कुठे?"

"डॉमिनिकन रिपब्लिक, लाडके. आणखी कुठे?"

माझ्या हातातली लोकरीची पिशवी खाली पडली. पांढरे गुंडे फरशीवर पसरले, ते दोघी वाकून गोळा करू लागलो. मी वाकूनच विचारलं, "आणि मग तान्ह्या बाळाला काय म्हणता तुम्ही?"

"बाळच म्हणतो. तुम्ही काय म्हणता?"

मी सांगितलं. ती अशी हसली की रांगेतली माणसं वळून बघायला लागली. मी तिला पत्रातलं एकेक वाक्य सांगितलं. रात्री उघड्यावर असते? "मग काय, बसला घरात निजवायचं?" पिते फार? "डिझेल, लाडके, डिझेल!" तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी हसले नाही. मला आमच्या चर्चमधलं ओतीचं लालबुंद तोंड दिसत होतं.

घरी येईपर्यंत मी खिडकीला डोकं टेकून बसले होते. आता माझं पाप ऐका. पहिल्यांदा मला आनंद झाला. म्हटलं, सुटलो! बाई जात नाही. आता आपण दोघी म्हाताऱ्या होऊ, सकाळी माते पिऊ, मी बोलेन आणि ती ऐकेल. दोन गावं मागे पडेपर्यंत तो आनंद टिकला. मग मला ती खुर्ची आठवली, एप्रन बांधलेली ओती आणि न खाल्लेला पाव. हिला सांगितलं तर ही परत त्या खुर्चीत जाऊन बसणार, आणि या वेळी उठायची नाही. न सांगावं तर समुद्रापार जाऊन, हातात टोप्या घेऊन एका बससमोर उभी राहणार. सांगितलं तरी पाप, न सांगितलं तरी पाप. त्या दिवशी मी तिच्या घरी गेलेच नाही. डोकं दुखतंय म्हणून निरोप पाठवला, आणि खरंच दुखायला लागलं.

बुधवारी दुपारी तीच आली. हातात कान झाकायची बंदाची टोपी, नुकती पुरी केलेली. माझ्या मुठीवर चढवून बघायला लागली, बंद सैल आहेत का घट्ट. "पत्रात मुलगा आहे की मुलगी ते लिहिलंच नाही," म्हणाली. "नावही नाही लिहिलं. मी मनातल्या मनात एक ठेवलंय."

"काय ठेवलंयस?"

"नाही सांगणार. हसशील तू."

तिथे माझा धीर सुटला. टोपी मुठीवर तशीच, आणि मी म्हटलं, "ओती, बस इथे. ती गुआगुआ चार चाकांची आहे."

"म्हणजे? बाबागाडीत आहे?"

"नाही गं. ती बाळ नाहीच. बस आहे. शाळेची बस. त्यांच्याकडे बसला गुआगुआ म्हणतात." आणि मी सगळं सांगून टाकलं, कास्त्रोची रांग, पिवळा कोट, सगळं.

ती ऐकत राहिली. मग हळूच विचारलं, "मग ते रात्री उघड्यावर?"

"बस उभी असते, ओती. अंगणात."

"आणि पिते ती?"

"डिझेल."

ती हसायला लागली. आधी हळू, मग खांदे गदगदा हलायला लागले, मग टेबलावर डोकं ठेवून. मीही हसले, म्हटलं, चला, निभावलं. "क्लोरिंदाबाईंची ताडपत्री!" ती म्हणाली आणि पुन्हा हसली. मग तिने डोकं वर केलं तेव्हा हसू नव्हतं, नुसतं पाणी होतं, आणि ते थांबत नव्हतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो काढला नाही, पण विचारलं, "तुला बरं वाटलं ना, कळलं तेव्हा?"

खोटं बोलता आलं असतं. "वाटलं," मी म्हटलं. "दोन गावं वाटलं. मग नाही वाटलं."

तिने मान हलवली, माझ्या मुठीवरची टोपी काढून घेतली, घडी केली आणि घरी गेली.

गुरुवारी तिने दार उघडलं नाही. मी दोनदा गेले. आत चूल पेटलेली होती, धूर दिसत होता, म्हणजे जिवंत होती. "ओती, पाव ठेवलाय गं उंबऱ्यावर," ओरडले. संध्याकाळी गेले तर पाव तिथेच, पावसाने भिजलेला. घरी येऊन मी स्वतःला इतक्या शिव्या दिल्या की त्या ट्रकवाल्यालाही दिल्या नव्हत्या. कशाला जीभ हलवली मेलीने? गेली असती, बघितली असती बस, आली असती परत. निदान तिकडचा समुद्र तरी बघून आली असती!

शुक्रवारी सकाळी आठला दारावर थाप. ओती उभी. डोळे सुजलेले, पण केस विंचरलेले आणि चर्चला जायचा कोट अंगावर. "चल," म्हणाली, "फादरकडून तिकडे फोन लावायचाय. मला एकटीला बोलता येणार नाही."

"काय बोलणार आहेस?"

"ते तिथे गेल्यावर कळेल मला."

फादरना आदल्या दिवशी कुणीतरी सांगितलंच होतं; कोणी ते विचारू नका, मी फक्त क्लोरिंदाबाईंना सांगितलं होतं. बिचारे शरमेने कानापर्यंत लाल झाले होते. त्यांनी फोन लावला आणि मोठ्या आवाजावर ठेवला. पलीकडून सिस्टर नुरिस बोलल्या. आवाज असा खणखणीत की टेबलावरचा चमचा हलावा. फादरनी घोटाळा सांगितला. पलीकडे हसण्याचा स्फोट झाला. "अरे देवा! आम्ही बाळाला उघड्यावर? आणि तरी तुम्ही आमच्याशी बोलताय?" मग एकदम थांबून म्हणाल्या, "त्या बाई तिथे आहेत का? ऐकतायत?"

"ऐकतेय," ओती म्हणाली.

"माफ करा हो, ओतिलियाबाई. मी हसायला नको होतं. तुम्ही बाळासाठी येणार होतात. इथे बाळ नाही. आहे ती एक जुनी बस, तिला खरंच छप्पर नाही, आणि ती खरंच पिते. तुम्ही नाही म्हणालात तर मला अजिबात राग येणार नाही."

मी ओतीकडे बघत होते. ती टेबलाची कड धरून उभी होती. म्हणाली, "बसला ड्रायव्हर असेल ना? मग बाई कशाला लागते?"

"ड्रायव्हर पुढे बघतो. मागे कुणी बघायचं? डोंगरातून दीड तास येतात पोरं, चार-चार, पाच-पाच वर्षांची. वळणंच वळणं. एकाला ओकारी, एकीला आई पाहिजे, एक झोपेत सीटवरून खाली. बाई होती तोवर आया पाठवत होत्या. ती गेली आणि आयांनी धाकटी मुलं ठेवून घेतली. त्यांचं तरी काय चुकलं? नऊ पोरं सहा महिने घरी बसून आहेत."

ओतीने नऊ हा आकडा ओठांतल्या ओठांत म्हटला. मग असं काही विचारलं की फादरनी माझ्याकडे बघितलं. "कडेवर घ्यावं लागतं का कुणाला?"

सिस्टरना वाटलं असेल, बाई कामाला भितेय. जरा चाचरत म्हणाल्या, "खोटं कसं सांगू? लागतं. सगळ्यांनाच. सकाळी झोपेत असतात, येताना थकलेली असतात. फार लहान आहेत हो."

"मग बाई, तेवढं लिहायचं की पत्रात," ओती म्हणाली. कधी नव्हे तो तिचा आवाज चढला होता. "बाकी सगळं लिहिलंत. उघड्यावर काय, पिते काय. कडेवर घ्यावं लागतं हे लिहिलं असतंत तर मी गुरुवारचा दिवस रडण्यात कशाला घालवला असता? येते मी. नाव लिहून घ्या. नावेल्किन, एन वरून."

फादर खिडकीकडे वळले. मी नाक शिंकरलं, इतक्या जोरात की सिस्टर म्हणाल्या, "लाईन खराब आहे का तिकडे?"

बाहेर आल्यावर ती माझ्या हाताला धरून चालत होती. भुरभुर पाऊस होता, आम्हाला तो पाऊस वाटत नाही. म्हणाली, "तू काय करशील गं?"

"मी? सुखात राहीन. कटकट गेली."

"नेल्दा."

"मला नाही आवडणार तू नसलेलं," मी म्हटलं. "अजिबात नाही आवडणार. झालं? आता चाल पुढे, भिजतेयस." तिने माझा हात घट्ट धरला.

पुढच्या तीन आठवड्यांत मी सगळ्या टोप्या, मोजे, दुपटी कास्त्रोच्या दवाखान्यात बाळंतिणींच्या खोलीत देऊन आले. ओतीने ती बंदाची टोपीही दिली. मी म्हटलं, "एक ठेव आठवण." "नको, कुणाच्यातरी डोक्यावर असू दे," म्हणाली. ताडपत्री तेवढी घेतली. बस का असेना, भिजते तर आहे.

निघायच्या दिवशी मी तिला आन्कुदपर्यंत सोडायला गेले. पोर्तो मोंतची बस, तिथून विमान. मी रात्रभर मनात बोलणं जुळवलं होतं, काय काय सांगायचं ते. पाणी उकळून पी. कुणी लाडके म्हटलं तर विरघळू नकोस. रविवारी फोन कर, आणि "बरं मग" म्हणून ठेवू नकोस. तिने कबूल केलं होतं की खिडकीत बसेल आणि बस फाटकाबाहेर जाईपर्यंत हात हलवेल. मी खिडकीची बाजूसुद्धा हेरून ठेवली होती.

ती बसमध्ये पाय ठेवणार, एवढ्यात मागून एक पोरगी धावत आली. वीस-बावीस वर्षांची असेल. केस सुटलेले, दोन पिशव्या, खांद्याला तिसरी, आणि हातात गुआगुआ. चार महिन्यांची असेल, रडून रडून निळी पडलेली. पोरगीला तिकीट सापडेना, पिशवी घसरत होती, ड्रायव्हर ओरडत होता. ओतीने आपली बॅग जमिनीवर ठेवली. तळहात एकमेकांवर खसाखसा घासले, दोनदा, तीनदा, आणि दोन्ही हात पुढे केले. काही विचारलं नाही. त्या पोरगीनेही काही विचारलं नाही, नुसतं पोर देऊन टाकलं आणि "देव भलं करो, मावशी," म्हणत तिकीट शोधायला लागली.

ओती पोर घेऊन बसमध्ये चढली. बॅग माझ्याच पायाशी राहिली होती, ती मी ड्रायव्हरच्या हातात दिली. खिडकीत आली तेव्हा तिचं तोंड त्या पोराकडे होतं आणि ओठ सारखे हलत होते. काहीतरी सांगत होती त्याला, कोबीचं नाहीतर विमानाचं. पोर रडायचं थांबलं होतं. बस मागे आली, वळली, फाटकातून बाहेर पडली. मी हात हलवत होते. तिने एकदाही वर बघितलं नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ती मला विसरली. मी तिथेच, सगळ्यांदेखत, धाय मोकलून रडले. मला फार एकटं वाटत होतं, आणि खोटं कशाला सांगू, फार बरंही वाटत होतं.